पाण्यावर आलेल्या सायकली

नोम पेन्ह
१२ जून

मावशी,

दोन्ही हात कपाळाशी नेऊन नमस्कार. पत्र ओलं होऊन पोचलं तर रिथदादाला बोल लाव, मला नाही. बर्फाच्या बोटीत नेमकं बर्फाशेजारी पत्र ठेवायचं हे त्याला कोणी शिकवलं कोण जाणे.

बातमी अशी, की तळ्यावर तरंगणाऱ्या आपल्या प्रेक ताकोंगला मदत मंजूर झाली. ज्या गावांतल्या पोरांना शाळेपर्यंत पोचता येत नाही त्यांना पोचतं करायचं, हेच आमच्या ऑफिसचं काम, हे मी तुला मागे लिहिलं होतं. पैसा परदेशातून येतो, इथली माणसं गावोगाव जाऊन काय हवं ते विचारतात आणि मग ती वस्तू गावाला मिळते. मे महिन्यात तुमच्याकडे येऊन गेलेले पाहुणे आमचेच. काय मंजूर झालं ते वरच्या मजल्यावरच्यांना ठाऊक. मी खालच्या मजल्यावर बसून भाषांतरं करते.

पण त्यात विचारायचं काय? बोटच असणार. धाकटी निमोल सहावी पास झाली आणि तुझ्या शाळेत पुढे वर्ग नाही. सातवी जमिनीवरच्या थ्नोत पी गावात, म्हणजे आधी तासभर पाणी आणि मग काठावरून तासभर चाल. माझ्या वेळी आईने मला काठावरच्या काकूंकडे ठेवलं होतं, पण त्या काकू आता शहरात गेल्या आणि आई-बाबा कामाला थायलंडला. बोट आली की माझी बहीण आणि तिच्या वर्गातली सगळी पोरं रोज जाऊन-येऊन शिकतील. ऑक्टोबरात शाळा उघडते. मला आतापासूनच झोप नाही.

एक सांगते, रागावू नकोस. मी प्रेक ताकोंगची, हे इथे कोणाला माहीत नाही. मुलाखतीत विचारलं तेव्हा मी ‘तळ्याच्या बाजूची’ एवढंच म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या मुलींच्या मते तळ्यावरच्या माणसांना मासळीचा वास येतो.

काय पाठवू म्हणून विचारलं होतंस. काहीही पाठव, तुझ्या हातचं सगळं चालतं.

तुझी कन्निठा


प्रेक ताकोंग
२५ जून

कन्निठा बाळ,

पत्र ओलंच आलं. रिथला बोल लावले. तो म्हणाला, ‘मावशी, गार पत्र उकाड्यात बरं असतं.’

येतोच म्हणे मासळीचा वास. मग त्यांच्या ताटातली मासळी काय झाडाला लागते?

आता पाहुण्यांचं ऐक. दोघे आले, एक उंच गोरा आणि एक शहरातला आपल्यापैकी. दोघांनी नारिंगी फुगीर जाकिटं घातली होती आणि बोटीतून उतरल्यावरही काढली नाहीत. आमची शाळा त्यांना उलटेल असं वाटत होतं बहुतेक. बदकाची अंडी, नारळपाणी, सगळं केलं. मग गोऱ्या पाहुण्यांनी विचारलं, गावातल्या मुलांसाठी काय हवं?

आता घरी आलेल्या माणसाला ‘हे द्या, ते द्या’ म्हणायचं का? आपल्याकडे असं कोणी करत नाही. येम आजोबा गावात सगळ्यांत मोठे, ते हात जोडून म्हणाले, ‘तुमच्या मनाला येईल ते द्या. तुम्ही आलात यातच सगळं आलं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांनी मग मला विचारलं. मी मुख्याध्यापिका, मी तर आणखी जपून बोलायला हवं. म्हटलं, शाळा छान चालली आहे, आपली कृपा.

निमोल तेवढ्यात ‘आम्हाला ना...’ म्हणून सुरू झाली होती. मी सोललेलं अंडं तिच्या तोंडात घातलं. बारा वर्षांची झाली, पण कुठे बोलू नये ते कळत नाही पोरीला.

तू काळजी करू नकोस. मागितलं नाही म्हणून काय झालं, त्यांना डोळे आहेत ना? बोटीतून आले, बोटीतून गेले, सगळीकडे पाणीच पाणी पाहिलं. शिवाय वातावरण फार गोड होतं. गोऱ्या पाहुण्यांनी त्यांच्या पोरांचा फोटो दाखवला, दोघं सायकलींवर बसलेली. येम आजोबांनी फोटो कपाळाला लावला आणि म्हणाले, ‘काय सुंदर सायकली! ज्या पोरांना अशा सायकली मिळतात ती भाग्यवान.’ पाहुण्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी लगेच वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तू ‘काहीही’ म्हणालीस म्हणून प्राहोकची बरणी पाठवते आहे. यंदाची मासळी चांगली मुरली आहे.

मावशी


नोम पेन्ह
९ जुलै

मावशी,

बस खाली. बसलीस? सायकली येताहेत.

चोवीस सायकली. काल वरच्या मजल्यावर चहा घेऊन गेले तेव्हा कानावर आलं. मी म्हटलं, ते गाव तर पाण्यावर तरंगतं ना? तर तिथला माणूस म्हणाला, ‘हो, पण गावातल्या सर्वांत वडील माणसाने स्वतः सायकलींची इच्छा व्यक्त केली, तीही डोळ्यांत पाणी आणून.’ त्यांना वाटलं, पोरं बोटीने काठाला येत असतील आणि पुढे चालत असतील. बोटीचं कोणी नावच काढलं नाही, म्हणजे बोट असेलच.

येम आजोबांना काय म्हणू मी? फोटो बघून नुसतं ‘छान’ म्हटलं असतं तर नसतं का भागलं?

सायकली कालच ट्रकवर चढल्या. आमच्या वरच्या बाई, आनेलीज त्यांचं नाव, त्या सुट्टीवर मायदेशी गेल्या आहेत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं. खरं म्हणजे सांगितलं असतं का, मलाच माहीत नाही. सांगायचं तर आधी मी तिथली आहे हे सांगावं लागेल. मावशी, तू त्या परत पाठव. आमच्याकडे रस्ता नाही, एवढं म्हणालीस तरी पुरे.

प्राहोक पोचलं. खोलीतल्या तिघींनी बरणीला बाल्कनीत हाकललं आहे, आणि बरणीबरोबर मलाही.

कन्निठा


प्रेक ताकोंग
२८ जुलै

कन्निठा,

परत कशा पाठवणार? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. दिलेलं दान परत केलं तर देणाऱ्याचं पुण्य मोडतं. त्या बिचाऱ्या गोऱ्या माणसाने आपलं काय वाईट केलं, म्हणून त्याचं पुण्य मोडायचं?

सायकली बर्फाच्या बोटीतूनच आल्या. रिथ म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा माल वितळेल याची भीती नव्हती. सगळं गाव होड्या घेऊन बघायला जमलं. येम आजोबांनी पाण्यावरूनच दात्याच्या देशाकडे तोंड करून नमस्कार केला, म्हणजे ती दिशा आहे असं त्यांना वाटलं तिकडे. मग प्रश्न पडला, ठेवायच्या कुठे? सहा शाळेच्या ओसरीत, चार बुद्धविहाराच्या तराफ्यावर, बाकीच्या घरोघर. सोफाल वहिनींनी त्यांची डुकरांच्या तरंगत्या पिंजऱ्यावर बांधली. डुकरं रात्रभर घंटी वाजवतात.

पोरांची मात्र मजा आहे. शाळेच्या ओसरीत गोल-गोल फिरवतात. वळण चुकलं की पोर सायकलीसकट तळ्यात. पोर आपोआप वर येतं, सायकल शोधायला बुडी मारावी लागते. माझे तास त्यातच जातात.

निमोल बरी आहे. अंगठ्याला थोडं कापलंय, पण लिहिता येतं.

मावशी


नोम पेन्ह
१४ ऑगस्ट

मावशी,

सायकलींनी अंगठा कापत नाही. अंगठा कापतो तो मासळी साफ करताना, तेही रोज, दुसऱ्याच्या गाळ्यावर. निमोल कामाला जायला लागली आहे ना? मला न सांगता? तू मला सगळी गंमत लिहिलीस, डुकरांची घंटीसुद्धा लिहिलीस, आणि हे एका ओळीत गुंडाळलंस. रागवायचं नाही असं ठरवलं होतं, पण मला राग आला आहे. रात्रभर रडू आलं, तेही लिहिते.

ती इतकी हुशार आहे, मावशी. माझ्यापेक्षा खूपच. तिने ऑक्टोबरात वर्गात नाही पाय ठेवला तर पुढच्या वर्षी ठेवणार नाही. गाळ्यावर एकदा बसलेली पोरगी पुन्हा शाळेत जात नाही, हे आईच्या बाबतीत तू पाहिलंयस.

माझ्याजवळ ठेवून घेण्याचं विचारून झालं. घरमालकीण म्हणते, एका खोलीत चार मुली आहेत, पाचवीला भिंतीवर टांगणार का?

आता दुसरी गोष्ट वाच, आणि यावेळीही बसून वाच. थ्नोत पीला काय मिळालं सांगू? बोट. इंजिनवाली, नवी कोरी! तुमच्याकडून निघालेले पाहुणे काठावर उतरून तिथे गेले होते. तिथल्या सारोम आजोबांनी काठावर येऊन स्वागत केलं, काय हवं म्हटल्यावर ‘आपल्या कृपेने सगळं आहे’ म्हणाले, आणि काहीतरी गोड बोलायचं म्हणून पाहुण्यांच्या बोटीची स्तुती केली. ‘काय देखणी बोट आहे, आमच्या पोरांनी अशी बोट कधी पाहिली नाही.’ पाहुण्यांना वाटलं, पावसाळ्यात शेतं बुडत असतील तिथे.

काही करू नका मात्र. आनेलीज बाई परतल्या आहेत आणि ऑक्टोबरात दोन्ही गावांना भेट देणार आहेत. वस्तू ज्या गावाला दिली त्याच गावच्या पोरांच्या उपयोगात असली पाहिजे. विकायची नाही, अदलाबदल करायची नाही. तसं काही सापडलं तर तळ्याच्या या सगळ्या बाजूची मदत पुढच्या वर्षी बंद. काही डोकं चालवू नकोस, तुझी शपथ.

कन्निठा


प्रेक ताकोंग
१२ सप्टेंबर

कन्निठा बाळ,

तुझा राग पोचला आणि तो खरा आहे. निमोल स्वतःच गेली गाळ्यावर. मी अडवलं नाही, हे माझं चुकलं. तुला लिहिलं नाही, कारण तू तिथे एकटी रडली असतीस आणि मी इथे तळ्यापलीकडून काय करणार होते? तशी रडलीसच. परवापासून तिचं काम बंद केलं आहे.

बंद का केलं, ते सांगते. आपण विकलं नाही आणि अदलाबदलही केली नाही. आपण दान केलं.

तुझं पत्र मी येम आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणाले, ‘पितरांचा पंधरवडा आलाच आहे. या दिवसांत देवळाला दान देऊ नये असं कुठे लिहिलंय?’ झालं. थ्नोत पीच्या विहाराला निरोप गेला. पंधरवड्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं गाव वाजतगाजत काठाला लागलं. चोवीसच्या चोवीस सायकली, प्रत्येकीच्या दांड्याला झेंडू आणि मागच्या कॅरियरवर केळीच्या पानातला चिकट भात, भिक्खूंसाठी. सोफाल वहिनींनी त्यांच्या सायकलीची घंटी काढून ठेवली. डुकरांना तिच्याशिवाय झोप लागत नाही म्हणे.

तिकडे बोट आंब्याखाली होती. त्यात एक कोंबडी उबवायला बसली होती, तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला. मग सारोम आजोबांनी ती बोट आपल्या तरंगत्या विहाराला दान केली. भिक्खूंनी दोन्ही दानांवर पाणी शिंपडलं. दोन्ही आजोबा एकमेकांना वाकून इतका वेळ नमस्कार करत राहिले, की शेवटी त्यांना धरून सरळ करावं लागलं.

ठरलं असं. विहाराची बोट सकाळी आपल्या पोरांना काठाला नेणार, डिझेल घरटी पाळीने. सायकली थ्नोत पीच्या विहाराच्या अंगणात राहणार, अर्ध्या त्यांची पोरं वापरणार आणि अर्ध्या आपली. तासाभराची चाल वाचली. आता सांग, यात तुझा कुठला नियम मोडला?

निमोल आता जमिनीवर सायकल शिकते आहे. पडल्यावर पाणी लागत नाही, याचं तिला फार नवल वाटतं.

मावशी


नोम पेन्ह
२० सप्टेंबर

मावशी,

सगळेच मोडले. एकही शिल्लक राहिला नाही.

वाचताना मी इतकी हसले, की खोलीतल्या मुली धावत आल्या, आणि मग घाम फुटला. बाई ९ ऑक्टोबरला येताहेत. आधी तुमच्याकडे सायकली बघायला, मग थ्नोत पीला बोट बघायला. तुमच्याकडे सायकली नाहीत, त्यांच्याकडे बोट नाही. फक्त त्या एका दिवसापुरत्या सायकली परत आणा आणि बोट त्यांना द्या. बाई गेल्या की पुन्हा दान करा, हवं तर दोनदा.

दुभाषी म्हणून मीच बरोबर असेन. तेवढाच धीर आहे.

कन्निठा


प्रेक ताकोंग
२७ सप्टेंबर

कन्निठा,

देवळाला दिलेली वस्तू उसनी मागायची? पितर रात्री पायाला धरून ओढतील. ते जमणार नाही.

तू घाबरू नकोस. दुभाषी तूच आहेस ना? मग आम्ही काहीही बोललो तरी तू बाईंच्या कानात योग्य तेच घाल. येम आजोबा म्हणणार आहेत की सायकली गावच्या पोरांच्याच उपयोगात आहेत. खोटं नाही ते. कुठे आहेत, हे त्यांनी विचारलं तर आम्ही नारळपाणी देऊ.

निमोलला गप्प बसायला बजावलं आहे. तरी खबरदारी म्हणून अंडं उकडून ठेवीन.

मावशी


नोम पेन्ह
६ ऑक्टोबर

मावशी,

घाईत लिहिते, रिथदादा धक्क्यावर थांबला आहे. मी येत नाही. बाईंनी आज माझी जुनी शाळेची कागदपत्रं पाहिली आणि मी त्याच गावची आहे हे त्यांना कळलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, ‘तू सांगितलं का नाहीस?’ स्वतःच्या गावासाठी दुभाषी चालत नाही, म्हणून माझ्याऐवजी बात्तामबांगचा एक मुलगा येतोय, वान्नाक नावाचा. फार सज्जन आहे. हीच भीती आहे. तो आपल्यासारखाच सज्जन आहे.

माझी नोकरी राहील की नाही कळत नाही. पण तिचा विचार नंतर. शाळा उघडली, निमोल वर्गात बसली, एवढं तू मागच्या चिठ्ठीत कळवलंस. तिला तिथून उठू देऊ नकोस.

कन्निठा


प्रेक ताकोंग
१० ऑक्टोबर

कन्निठा बाळ,

बस खाली. तूच शिकवलंस असं लिहायला.

बाई काल सकाळी आल्या. रविवार नव्हता, पण पोरांनी पाहुणीसाठी शाळेला नेणारी विहाराची बोट थांबवून ठेवली होती. बाई पन्नाशीच्या, उन्हाने लाल झालेल्या, डोक्यावर भली मोठी गवताची टोपी. जाकीट नव्हतं. ओसरीत मांडी घालून बसल्या आणि पाय अवघडले तरी उठल्या नाहीत. मला त्या आवडल्या, आणि आवडल्यामुळेच जास्त भीती वाटली.

त्यांनी विचारलं, सायकली कुठे आहेत? येम आजोबा म्हणाले, सायकली पोरांच्या फार उपयोगी पडतात, आपली कृपा. वान्नाकने सांगितलं. त्यांनी परत विचारलं, हो, पण कुठे? आम्ही नारळपाणी दिलं. बाईंनी ते पिऊन तिसऱ्यांदा विचारलं. कन्निठा, इतकी शांतता मी त्या शाळेत परीक्षेलासुद्धा ऐकली नाही. तळ्याकडे तोंड करून सगळे हसत बसले होते. बाईंचा चेहरा उतरला. पोरांची वस्तू कोणीतरी विकून खाल्ली असंच त्यांना वाटलं असणार, आणि आमच्या हसण्याने ते पक्कं होत होतं.

शेवटी त्यांनी वही मिटली. निघताना विचारायचं म्हणून विचारलं, आणखी काही हवं का? येम आजोबांनी हात जोडले. त्यांची नजर बाईंच्या टोपीवर गेली. मी त्यांना ओळखते, ओठ ‘काय सुंदर’साठी उघडले होते. म्हटलं, झालं! चोवीस टोप्या येणार.

तेवढ्यात निमोल उभी राहिली. अंडं माझ्या हातात सोलून तयार होतं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, घालायचं म्हटलं असतं तर घालता आलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत सगळं होतं बघ, गाळा, अंगठा, तुमची आई. मी हात मागे घेतला.

ती म्हणाली, ‘बाई, सायकली आम्ही मागितल्या नव्हत्या. आम्हाला बोट हवी होती, पण आमची मोठी माणसं मागायला लाजतात.’

वान्नाकचं तोंड पडलं. तो बाईंना हळूच काहीतरी म्हणाला आणि बाई गोड हसल्या. निमोलला कळलं. ती त्याला म्हणाली, ‘दादा, मी म्हटलं ते तुम्ही सांगितलं नाही. त्या हसल्या. मी हसण्यासारखं काही बोलले नाही.’ आणि तिने सरळ बाईंचं मनगट धरलं. मोठ्या बाईमाणसाचं मनगट, सगळ्यांसमोर. येम आजोबांनी डोळे मिटून घेतले. तिने बाईंना शाळेच्या बोटीत बसवलं, मागून पोरं चढली, मग मी, मग वान्नाक. बिचाऱ्याने वाटेत सगळं खरं-खरं सांगून टाकलं, फोटोपासून कोंबडीपर्यंत. तासभर पाणी होतं, वेळ पुरला.

काठावर उतरलो तर थ्नोत पीची पोरं आमच्या पोरांसाठी सायकली घेऊन उभी होती. ती रोज आणतात, एकाने एक चालवायची आणि एक हाताने धरून आणायची. सगळी मिळून शाळेकडे निघाली. निमोलने बाईंना मागे कॅरियरवर बसायला सांगितलं. बाई बसल्या. टोपी उडाली, ती सारोम आजोबांनी शेतातून धावत जाऊन आणली आणि तिची स्तुती करायच्या आत मी त्यांना नमस्कार घातला.

शाळेच्या फाटकाशी बाई उतरल्या आणि कितीतरी वेळ त्या सायकलींच्या रांगेकडे बघत राहिल्या. मग वान्नाककरवी म्हणाल्या, ‘वर्षानुवर्षं मी गावोगाव विचारते आहे. सगळे म्हणतात, तुमची कृपा. मला वाटायचं, आमचं बरोबर चाललंय.’ डोळे पुसले गं त्यांनी. मलाही भरून आलं.

मग त्या निमोलसमोर गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, आता खरं सांग, काय हवं? मला वाटलं, पोरगी आता हॉस्टेल मागते की आगगाडी. निमोलने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘पंक्चर काढायचं सामान.’

बाई इतक्या हसल्या, की वर्गातून मास्तर बाहेर आले. मग त्यांनी वही उघडली आणि लिहून घेतलं. अंडं अजून माझ्या हातात होतं. ते मीच खाल्लं.

मावशी


नोम पेन्ह
२४ ऑक्टोबर

मावशी,

पत्र मी तीनदा वाचलं आणि मग बाल्कनीत जाऊन प्राहोकची बरणी आत आणली. मुलींना म्हटलं, हा माझ्या गावचा वास आहे, माझं गाव प्रेक ताकोंग. एकीने नाक धरलं, दोघींनी भाताबरोबर खाल्लं. नाक धरणारी दुसऱ्या दिवशी मागायला आली.

नोकरी आहे. बाईंनी वरच्यांना लिहिलंय, की सायकली आणि बोट दोन्ही गावांच्या सामाईक, आणि त्या जिथे आहेत तिथेच राहू द्याव्यात. पुढच्या वर्षीची मदतही चालू राहणार. आणखी एक झालं. यापुढे पाहुणे गावात गेले की मोठ्यांना विचारून झाल्यावर पोरांना वेगळं बसवून विचारणार, मोठ्यांना जवळ न बसवता. आणि तिथे कोणी अंडी वाटायची नाहीत, असं बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. पंक्चरचं सामान रिथदादाकडे देते आहे. बर्फापासून लांब ठेवायला सांग.

निमोलने फाटकाशी जे केलं ते मी काल ऑफिसात करून पाहिलं. बाईंच्या दारावर टकटक केलं आणि म्हटलं, मला जलोत्सवाला सुट्टी हवी आहे, तीन दिवस नाही, आठवडाभर, कारण मला घरी जायचंय. नोकरी लागल्यापासून मी तोंडाने काही मागितलं ते हे पहिलंच. बाईंनी मान वर न करता ‘जा’ म्हटलं. इतकं सोपं होतं, मावशी, आणि मी एवढे महिने इथे बसून राहिले.

येतेय.

कन्निठा


प्रेक ताकोंग
१ नोव्हेंबर

कन्निठा बाळ,

ये. निमोलने तुझ्यासाठी कॅरियरला गादी बांधली आहे, थ्नोत पीच्या विहारापासून काठापर्यंत तीच आणणार म्हणते. येम आजोबा शिकताहेत. म्हणजे परवा रिथने विचारलं, आजोबा, बर्फ किती हवा, तर ‘तुझ्या मनाला येईल तेवढा’ म्हणता-म्हणता थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, ‘अर्धी लादी.’ गावाने टाळ्या वाजवल्या.

आल्यावर पहिल्या दिवशी काय खाशील ते उलट टपाली कळव. नीट, नाव घेऊन लिही. ‘काहीही चालेल’ लिहिलंस, तर सायकल उकडून वाढीन.

मावशी